जुन्या झब्ब्याचा वासुदेव

शाळेच्या ग्रुपवर ‘शुक्रवारी वेशभूषा स्पर्धा’ असा मेसेज पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर आयांची गर्दी. दुकान म्हणजे फॉल-पिको आणि ऑल्टरेशनची एक अरुंद खोली, पण डिसेंबरात तिथे उभं राहायला जागा नसते. प्रत्येकीचा प्रश्न एकच: “काकू, भाड्यानं आणू की तुम्ही शिवून द्याल?” मी म्हणते, दोन्ही नको. भाड्याचा पोशाख आदल्या आठवड्यात कोणी घातला होता ते त्याच्या वासावरून कळतं, वर डिपॉझिट अडकतं आणि माप तर कुणाचंच नसतं. नवं शिवायचं म्हटलं तर पाच मिनिटांच्या भूमिकेसाठी कापड आणि शिलाई मिळून जो आकडा होतो, तो सांगताना मलाच लाज वाटते.

जुना कपडा घ्या. घरात नसेल तर विकत घ्या, पण जुनाच.

कारण सांगते. शिवणकामात वेळ आणि पैसा खातात त्या कडा: कॉलर, बटणपट्टी, काजं, बाहीचं टोक, खालची दुमड. मधलं सपाट कापड शिवायला काहीच लागत नाही. जुन्या कपड्यात या सगळ्या कडा आयत्या मिळतात. म्हणून माझा नियम असा की तयार कडेला कात्री लावायची नाही. जे काही कमी करायचं ते मधून करायचं. बहुतेक लोक उलटं करतात. बाही लांब झाली की टोकाकडून कापतात, मग सुटलेले धागे बघून घाबरतात आणि माझ्याकडे पळत येतात.

आता खरेदी. पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. लोखंड, घड्याळं, जुनी नाणी यांच्या मधून वाट काढत गेलात की कपड्यांचे ढीग दिसतात. दुसरा रस्ता म्हणजे बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई तुमच्या गल्लीत अजून येत असेल तर तिच्या गाठोड्यात डोकावू द्या म्हणून सांगा. दिवाळीची साफसफाई झाली की तिचं गाठोडं सगळ्यात भारी असतं. डिसेंबरातल्या संमेलनासाठी नोव्हेंबरातच हात मारून ठेवावा. आणि सगळ्यात आधी शेजारपाजार. आजोबांचे पांढरे झब्बे कुणाच्या ना कुणाच्या कपाटात पडून असतात, फक्त विचारायला तोंड उघडावं लागतं.

ढिगातून कपडा उचलला की आधी रंग बघू नका. काख आणि मुंढा (बाही जिथे अंगाला जोडतात ती गोलाई) बघा. दोन्ही हातांनी मुंढ्याची शिवण हलकेच ताणा. कर्रर्र आवाज आला किंवा धागे विरळ होऊन पलीकडचं दिसलं तर परत टाका, तो कपडा स्टेजवर हात वर केल्याबरोबर फाटणार. मग उजेडाकडे धरा. बुरशीचे काळे ठिपके असतील तर नको, ते कितीही धुतले तरी राहतात. चहाचे, हळदीचे डाग चालतील, ते पुढे कुठे लपवायचे ते सांगते. डांबराच्या गोळ्यांचा वास चालतो, दोन दिवस उन्हात टाकला की जातो.

सुती आहे का हे बघायची युक्ती: बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा. सुती कापड पाणी पिऊन टाकतं, पॉलिएस्टरवर थेंब थोडा वेळ तसाच बसून राहतो. घरी आल्यावर खात्री हवी असेल तर मायेतला, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडातला, एक धागा ओढून पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून काळी कडक गुंडी होते. याला महत्त्व यासाठी की पुढे रंग द्यायचा असेल तर तो सुतीवरच चढतो.

घरी आणलेला कपडा गरम पाण्यात साबण घालून भिजवायचा, कडक उन्हात उलटा वाळवायचा आणि मग इस्त्री. हे झाल्याशिवाय मुलाच्या अंगाला लावू नका. खांद्यामागचं लेबलही तेव्हाच उसवून टाका, नाहीतर पोर स्टेजवर मान खाजवत उभं राहील.

आता एक पोशाख शेवटापर्यंत करून दाखवते. वासुदेव घेऊ. शिक्षिकांना तो आवडतो, पाठ करायला सोपा, आणि ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ या तिघांच्याही रचनांत वासुदेव असल्यामुळे दोन ओळी म्हणायच्या तर शोधायला लांब जावं लागत नाही. पायघोळ घेरदार अंगरखा, कमरेला शेला, खांद्यावर उपरणं, डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, गळ्यात तुळशीमाळ, खांद्याला झोळी, एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या, पायात घुंगरू.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मोठ्या माणसाचा सुती झब्बा आणा, ३८ ते ४० इंच लांबीचा. तो मुलाच्या पायापर्यंत येतो आणि शेला बांधला की थोडा वर चढून बरोबर घोट्याशी थांबतो. म्हणजे खालची दुमड आयती मिळाली. जुन्या बाजारात असा झब्बा मला ५० ते १०० रुपयांत मिळतो. १०० च्या वर मागितले तर मी चालायला लागते आणि मागून हाक येते.

मुलाला झब्बा घाला, उभं करा आणि टाचण्या घ्या. खांदा मोठ्या माणसाचा आहे, तो मुलाच्या दंडावर लोंबतो. दोन्ही खांद्यांवर, मुंढ्याला समांतर, पुढून मागे जाणारा टक (दुमडून शिवलेली चुणी) घ्या, ज्यात दोन-अडीच इंच कापड आत जाईल. शिवण थोडी दंडावर उतरलेलीच राहील. राहू दे, अंगरखा तसाच दिसतो. गळा सैल पडतो, त्याचं जास्तीचं कापड मागे कॉलरच्या मधोमध चिमटीत धरून उभी दुमड घाला, सहा-सात इंच खालपर्यंत. तिच्यावर उपरणं येणार, कुणाला दिसत नाही. बाहीला टोकाकडे हात लावायचा नाही. कोपराच्या वर, आतल्या बाजूने एक आडवा टक घ्या, म्हणजे बाहीचं तयार टोक मनगटावर येऊन बसेल. हे सगळे टक कच्च्या टाक्यांनी, हातानेच. मशीन नको. लांब धावदोरा, पण दोरा दुहेरी, आणि सुरुवातीला व शेवटी दोन उलटे टाके.

आता घेर. साध्या झब्ब्याला वासुदेवाचा घेर नसतो. मुलानं गिरकी घेतली तर तो पायाला चिकटून बसतो. इथे पांढरा किंवा मोतिया रंगाचा जुना परकर कामाला येतो. सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा पट्ट्या जोडून केलेला. साडीखालचे परकर फाटतात ते नेफ्याकडे, म्हणजे नाडी जाते तिथे, खाली ते नव्यासारखे असतात, आणि बायका ते पायपुसण्याला देतात! कळ्या शिवणीवर ब्लेडनं उसवा. एक कळी खालून वर २४ इंचांवर कापा. मग उभी दुमडा, वर टोक येईल आणि खाली पूर्ण रुंदी राहील अशी तिरकी कापा. उलगडली की त्रिकोण, आणि पायथ्याला परकराची जुनी दुमड तशीच शाबूत. अशा दोन हव्यात.

झब्ब्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी खालून वर कमरेपर्यंत उसवा. त्या फटीत एकेक कळी बसवायची आहे. लोक वरच्या टोकापासून शिवत खाली येतात आणि तळाशी येऊन बघतात तर कळी झब्ब्यापेक्षा दीड इंच लांब. मग तिथे कापा, पुन्हा दुमडा, सगळा उद्योग. तुम्ही खालून सुरू करा. झब्ब्याची दुमड आणि कळीची दुमड एकमेकींना टेकवून टाचणी लावा आणि वर वर शिवत जा. शेवटी टोकाशी जे काही कमीजास्त होईल, चुणी पडेल, तिरकं जाईल, ते सगळं शेल्याखाली. घरी मशीन असेल तर हे एवढंच काम मशीनवर करा. नसेल तर हाताने बारीक टाके घाला आणि संध्याकाळची मालिका बघत बसा, दोन भागांत होतं.

झब्ब्याचं पांढरं आणि परकराचं पांढरं जुळत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. शिवून झाल्यावर दोन्ही एकत्र चहात बुडवा. दोन लिटर पाण्यात चार मोठे चमचे चहाची साधी भुकटी, चमचाभर मीठ, उकळी, मग गाळायचं. गाळलं नाही तर चहाचे दाणे जिथे बसतील तिथे तपकिरी ठिपके उठतात. कपडा आधी साध्या पाण्यात ओला करून मगच त्यात टाका आणि हलवत राहा, पंधरा-वीस मिनिटं. ओला असताना जितका गडद दिसतो त्याहून वाळल्यावर फिका होतो. दोन्ही कापडं सुती असतील तर एका घरातली वाटायला लागतात, आणि ट्यूबलाइटसारखा पांढरा झगमगाट जाऊन बाराही महिने दारोदार फिरलेल्या माणसाचा कपडा वाटतो. हळदीचे वगैरे जुने डागही यात बरेचसे बुडून जातात. जे उरतील त्यावर उपरण्याचं टोक सोडा.

टोपीवर माझा जीव. एक जाड कार्डशीट घ्या. कोपऱ्यात दोऱ्याचं एक टोक धरून दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा आणि १४ इंचांच्या त्रिज्येनं पाव वर्तुळ काढा. कापून गुंडाळलं आणि एक इंच एकमेकांवर चढवलं की २१ इंच घेराचा, जवळजवळ १४ इंच उंचीचा शंकू तयार. या वयाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण एवढाच असतो, तरी टेपनं मोजून घ्या. डोकं लहान असेल तर जास्त चढवा. शंकूवर परकराच्या उरलेल्या कापडाची पट्टी चिकटवा, आणि आतून काठाला जुन्या बनियनची पट्टी, म्हणजे कपाळाला टोचत नाही.

पिसांचं माझं मत सांगते. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला मोठं संरक्षण. पावसाळा सरता सरता त्याची पिसं आपोआप गळतात हे खरं, पण रस्त्यावर विकायला येणारी जुडी गळलेल्या पिसांची की उपटलेल्या, हे मला ओळखता येत नाही. घरात देवाजवळ असतील तर ती जरूर लावा. नसतील तर मी कापडाची करते, आणि आठ-दहा फुटांवरून फरक कुणाला कळत नाही.

त्यासाठी चमकणारे जुने ब्लाउज हवेत, हिरवा, तांबूस सोनेरी आणि गडद निळा. अंगाला न होणारे ब्लाउज नाहीत असं घर मी पाहिलेलं नाही. कापड आधी कॅलेंडरच्या जुन्या पानावर फेव्हिकॉलनं चिकटवून वाळू द्या, म्हणजे ते कडक होतं आणि कापताना धागे निघत नाहीत. हिरव्याचा चार इंची लांबट पानासारखा आकार, त्याच्या कडेला कात्रीनं तिरक्या बारीक चिरा, मधल्या शिरेच्या दिशेनं, पण शिरेपर्यंत नाही. चिरा बोटांनी जरा विस्कटा. त्यावर सोनेरी लंबगोल, त्यावर निळा, आणि निळ्याला खालून एक छोटी खाच, बदामाच्या आकारासारखी. ही खाच विसरू नका. तिच्यामुळेच डोळा मोराचा दिसतो, नाहीतर ते नुसतं बिल्ल्यासारखं दिसतं. मागे खराट्याची काडी चिकटवा.

लावताना आधी उंच काड्यांची ओळ शंकूभोवती उभी करायची, डोळे वर. मग त्यांच्या पुढे आखूड काड्यांची दुसरी ओळ, पहिलीच्या फटींत येईल अशी. काड्यांची खालची टोकं तिरकी नको, सरळ कापा आणि चिकटपट्टीनं गुंडाळा, मग त्यावरून साडीच्या जुन्या काठाची पट्टी शिवून टाका. हनुवटीखालून इलॅस्टिक हवंच. वासुदेव वाकून दान घेतो आणि त्या क्षणी टोपी पडते, दरवर्षी कुणाची तरी.

काठावरून आठवलं. जुन्या जरीच्या साडीला कात्री लावण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला विचारा. जुन्या जरीत चांदी असते म्हणून ती विकत घेणारे दारावर येतात. टोपीच्या पट्टीसाठी खऱ्या जरीचा काठ कापलात तर सासूबाई काय म्हणतील ते मी सांगायला नको.

बाकीचं पटकन. शेला म्हणजे लाल किंवा भगवी ओढणी, उभी चार पदरी दुमडून, आतून एक सेफ्टी पिन अंगरख्याला. झोळी जुन्या पँटच्या पायाची: पाय कापून घ्या, खालची तयार दुमड झोळीचं तोंड होते, कापलेली बाजू शिवून बंद, वर ओढणीची पट्टी खांद्याला. टाळ आणि चिपळ्या विकत घेऊ नका, जवळच्या भजनी मंडळात मागा. आनंदानं देतात आणि टाळ कसा धरायचा तेही शिकवतात. वासुदेव ‘दान पावलं’ म्हणतो ते हात जोडून, तेव्हा टाळ बोटात अडकवलेला राहायला हवा, हे आधी घरी करून घ्या. अंगरख्याखाली रोजची हाफपँट घाला. पायघोळ पोशाखात मुलाला बाथरूमला जाता येतं का, हा प्रश्न आदल्या संध्याकाळी विचारायचा असतो.

आता गाडगेबाबा. वासुदेवाच्या खालोखाल लोक तेच सांगतात, आणि तिथे जुन्या कपड्याची जी विटंबना होते ती माझ्याच्यानं बघवत नाही. चांगला शर्ट कात्रीनं टराटरा कापतात, वर मुलाच्या तोंडाला काजळ आणि माती. बाबांचे (१८७६ ते १९५६) कपडे फाटके होते, घाणेरडे नव्हते. तो माणूस गावात शिरला की आधी झाडू घेऊन रस्ता झाडायचा. मुलाचं तोंड स्वच्छ धुतलेलं ठेवा.

त्यांचा पोशाख ठिगळांचा, आणि ठिगळ लावायचं असतं, फाडायचं नसतं. वासुदेवाच्या कामातून उरलेले तुकडे इथे संपवा: झब्ब्याचं, परकराचं, ब्लाउजचं अस्तर, विटलेली लुंगी. एखादा ढगळ जुना सदरा घ्या आणि कोपर, खांदा, पोट अशा जिथे खरोखर झिजतं तिथेच तुकडे लावा. तुकड्याची कडा जरा आत दुमडून, गोधडीला घालतो तसा मोठा धावदोरा, दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा. चमकदार कापड अजिबात नको. एका कानाला कवडी, दुसऱ्याला बांगडीची काच अशी त्यांची खूण सांगतात. मुलासाठी काच नको, प्लॅस्टिकच्या बांगडीचा तुकडा कडा घासून दोऱ्यानं कानाला अडकवा. डोक्यावर खापर असायचं, त्याऐवजी मुलाला कागदाच्या लगद्याचं हलकं करून द्या. हातात झाडू, आणि तो खरा.

मावळा करायचा असेल तर जुन्या चुडीदारावर रंगीत झब्बा, कमरेला ओढणी आणि डोक्याला सुती साडीचा फेटा. फेट्यासाठी साडी कापू नका, एका टोकाला छोटी चीर देऊन उभी फाडा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. लहान डोक्याला अर्ध्या पन्ह्याची (रुंदीची) तीन मीटर पट्टी पुरे होते. मुलींची नऊवारी मात्र जुन्या लेगिंगवर टाके घालून बसवा, पिनांवर विश्वास ठेवू नका. तलवारीबद्दल मला विचारू नका, तो खेळणीवाल्याचा प्रांत.

कार्यक्रम झाला की त्याच रात्री कच्चे टाके ओढून काढा. झब्बा धुऊन ठेवला तर पुढच्या वर्षी मोठ्या भावाला कीर्तनकार व्हायला तोच येतो. टोपी खोक्यात उभी ठेवायची, वर काही ठेवायचं नाही.

आणि एवढं वाचूनही सुई हातात धरवत नसेल तर कोपऱ्यावरच्या ऑल्टरेशनवाल्या बाईकडे न्या. न्याल तेव्हा कपडा धुतलेला असावा, मूल सोबत असावं आणि शुक्रवारची स्पर्धा असेल तर निदान सोमवारी या. गुरुवारी संध्याकाळी आलात तर मी दुप्पट घेते.